नववीच्या वर्गात होलोकॉस्टचा तास: मी कसा घेते

पहिल्या वर्षी मी चुकले. प्रोजेक्टरवर थेट छळछावणीचे फोटो लावले, फळ्यावर नाझी जर्मनीने मारलेल्या ज्यूंचा साठ लाखांचा आकडा लिहिला. मागच्या बाकावर दोघं फिदीफिदी हसली (घाबरलं की मुलं हसतात, हे बीएडला कुणी शिकवलं नव्हतं). तास संपताना एकाने विचारलं, "पण बाई, हिटलर शिस्तीचा होता ना?" हे वाक्य तो घरून घेऊन आला होता. पालकसभेतही 'या वर्गाला हिटलरच पाहिजे' असं कुणीतरी हसत म्हणतंच.

आता मी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करते. एका चिठ्ठीवर नाझींचा ज्यूंविरुद्धचा एक नियम. साल मागे लिहायचं, देश लिहायचाच नाही. ज्यूंच्या दुकानातून काही घेऊ नका: एप्रिल १९३३. नागरिकत्वाचे हक्क रद्द: १९३५. शाळेत येऊ नका: नोव्हेंबर १९३८. रेडिओ जमा करा: १९३९. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने कपड्यावर पिवळा तारा शिवा: १९४१. कुत्रं-मांजर पाळू नका: १९४२. ज्यू शब्दाच्या जागी फुली मारते. मुलं चिठ्ठ्या जमिनीवर अंदाजाने लावतात, मग उलटून सालं बघतात. कुत्र्याच्या चिठ्ठीपाशी हमखास अडतात. "मग दुसऱ्याला द्यायचं ना, बाई!" तेही मना होतं, असं सांगितलं की वर्ग गप्प होतो.

मग एकच प्रश्न: शाळेच्या चिठ्ठीच्या दिवशी हजेरीपटावरचं नाव कुणी खोडलं असेल? उत्तर देताना मुलं माझ्या टेबलाकडे बघतात. बघू द्यावं. छळछावण्या यानंतर, आणि थोडक्यात. अर्धा वर्ग नाझी, अर्धा ज्यू असलं नाटक मात्र कधीही बसवू नका.

ऑशविट्झ या छळछावणीची सुटका २७ जानेवारी १९४५ ची, म्हणून त्याच आठवड्यात तास ठेवते आणि नंतर पुण्याच्या रास्ता पेठेतल्या १९२१ च्या सुक्काथ शेलोमो सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) नेते. आधी परवानगी घ्यायची, शनिवार टाळायचा, तो ज्यूंचा विश्रांतीचा, प्रार्थनेचा दिवस. कॅम्पातलं लाल देऊळ (तेही सिनेगॉगच) रस्त्यावरून बघितलं तरी चालतं. पेणकर, किहीमकर आडनावाची, घरी मराठी बोलणारी माणसं ज्यू असतात, हे ऐकून मुलं चाट पडतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलांना बजावून ठेवते: 'तुमच्यावर काय अत्याचार झाले' असं विचारायचं नाही. जर्मनीसारखे ते इथे झाले नाहीत.

वर्गात परतल्यावरचं काम जास्त अवघड. 'तुझ्या डब्याला वास येतो' यावर मी एकदा भलंमोठं भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने डबाच आणला नाही. तेव्हापासून भाषण बंद. दर सोमवारी डब्याची कोंडाळी हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्यांनी ठरतात, सहलीचे गटही तसेच. 'तुम्हीच गट करा' म्हटलं की कोण उरतं, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

गेल्या वर्षी 'नववी ब सगळे' या व्हॉट्सअॅप ग्रुपात ४४ जण होते, पट ४७ चा. मॉनिटरला पट दाखवून एवढंच म्हटलं, मोजून बघ. संध्याकाळपर्यंत ४६ झाले. सत्तेचाळिसाव्याच्या घरी तसा फोन नाही. त्याला निरोप शेजारच्या बाकावरचा सांगतो, आणि पोचला का, ते मी सकाळी विचारते.