काटा हलेना तेव्हा मी काय केलं

वजन कमी करायला सुरुवात करताय ना, मग आधी हे ऐका, पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बरंचसं पाणीच असतं, शरीरात साठलेल्या १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं ते जातं, त्यामुळे नंतर काटा अडकला की घाबरायचं नाही. माझाही अडकलेला. मग मी रोजचं वजन बंद केलं, आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, आणि सोबत टेपने कंबर मोजायची, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता (मोह होतो हो!). काटा तिथेच पण टेप कमी दाखवायला लागली, त्यावर हुरूप टिकला. आणि जेवा सावकाश, पोट भरल्याचं मेंदूला कळायला वीसेक मिनिटं जातात. आठवड्याला अर्धा किलो गेलं तरी मस्त चाललंय समजा.