लिग्निनच्या जीन्सवर काम करायचंय? मग पीएएलवर भाळू नका

नाशिकमधल्या बायोटेकच्या पोरांना द्राक्षाच्या काडीतल्या लिग्निनवर (काडीला लाकडासारखी टणक करणारं द्रव्य) प्रोजेक्ट घ्यावासा वाटतोच, कारण निफाड-दिंडोरीकडे कुणाच्या तरी मामाची बाग असतेच आणि सॅम्पल फुकट मिळतं. घ्या की, विषय भारी आहे. लिग्निनचे जीन्स चालू करणारी साखळी, म्हणजे वर एनएसी मास्टर स्विच, खाली एमवायबी46 आणि 83, मग 58 आणि 63, ही उतरंड तुम्हाला पाठ आहे असं धरते.

माझं घोडं अडलं पीएएलपाशी, म्हणजे या रसायनांच्या रस्त्यावरच्या पहिल्याच एन्झाइमच्या जीनपाशी. लिग्निन म्हटलं की सगळे आधी पीएएलचे प्रायमर मागवतात, क्यूपीसीआरचा (जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) ग्राफ झकास वर जातो, गाईड खूश. पण हा रस्ता एकट्या लिग्निनचा नाहीच ना! पीएएल, सी4एच, 4सीएल या तीन पायऱ्यांपर्यंत सगळं सामायिक, पुढे फाटे फुटतात, टॅनिन, अँथोसायनिन, आणि द्राक्षात तर स्टिल्बीन सिंथेज हे एन्झाइम माल रेझव्हेराट्रॉलकडे ओढून नेतं. म्हणजे पीएएल वाढला याचा अर्थ कुठलंतरी फिनॉलिक बनतंय, बस. त्यात हा जीन जखमेनेही चढतो. तुम्ही कात्रीने काडी कापली, पिशवीत घातली, एसटीने लॅबला आणली, तोवर काडीने जखमेला उत्तर द्यायला घेतलेलं असतं, आणि तुम्ही ते 'काडी पक्व होतेय' म्हणून थिसिसमध्ये टाकता. कंट्रोलही तसाच आणला म्हणून सुटका नाही, एक काडी सकाळी कापली, दुसरी दुपारी, की झाला घोळ. कापल्या कापल्या बागेतच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे कंटेनर असतात, जाऊन विचारा, लाजू नका.

पीएएल बघा, पण सोबत लिग्निनच्या फाट्यावरच्या पुढच्या पायऱ्यांचे जीन्स, सीसीआर, सीएडी, एफ5एच आणि लॅकेज, घ्याच. अरॅबिडॉप्सिसमध्ये (लॅबमधलं नेहमीचं प्रयोगाचं रोप) लॅक4 आणि लॅक17 हे लॅकेजचे दोन्ही जीन्स बंद केले तर लिग्निन घटतं, म्हणजे मोनोलिग्नॉल, लिग्निनचे सुटे तुकडे, बनवून भागत नाही, भिंतीत जोडणाराही लागतो. आणि एमवायबी दिसला की लगेच उड्या मारू नका, एमवायबी4 तर सी4एच दाबतो.

काडी तपकिरी झाली म्हणजे लिग्निन आलं, हेही डोक्यातून काढा. तो रंग सालीतल्या कॉर्कचा. आतलं झायलम, म्हणजे पाणी वाहणारा लाकडी भाग, काडी हिरवी असतानाच लिग्निनने भरायला लागतं. पातळ काप घेऊन फ्लोरोग्लुसिनॉल-एचसीएल टाका, लालसर-जांभळं कडं स्वतः बघा. मात्र तो रंग अल्डिहाइड गटांचा असतो, त्यावरून टक्केवारी काढू नका. लिग्निनचे एस आणि जी हे दोन प्रकारचे घटक वेगळे बघायचे तर मॉयल स्टेन.

क्यूपीसीआरसाठी काडीतून काढलेला आरएनए पहिल्यांदा तपकिरी येईल, रडू नका, द्राक्षात सगळ्यांचंच येतं. स्वस्त किटवर माझा अजिबात विश्वास नाही, सीटॅब, पीव्हीपी, मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घेऊन हाताने काढा, जुनं तेच सोनं. आणि 'नेटवर प्रोटोकॉल आहे, कर' एवढंच सांगणारा गाईड असेल तर त्याच्या नादी न लागता एखादा सीनियर पकडा, तो चहावर सगळं सांगतो.

शेवटी अॅसिटिल ब्रोमाइडने लिग्निन मोजणार असाल तर काडीची पावडर आधी मिथेनॉलने धुवा, टॅनिनसुद्धा लिग्निनसारखाच 280 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं आणि आकडा फुगतो. वरचं मिथेनॉल रंगहीन येईपर्यंत धुवत राहा, कितीही कंटाळा आला तरी.