ओरेगन ट्रेल शिकवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या शाळांत साधारण चौथी-पाचवीला पश्चिमेकडच्या स्थलांतराचा धडा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हजारो कुटुंबं मिसूरीहून पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनला ज्या वाटेने गेली, ती ओरेगन ट्रेल. मी तो वर्गात शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीतली मराठी मुलं त्यावरचे प्रोजेक्ट घेऊन घरीही येतात. दरवर्षी चुका त्याच असतात.

सुरुवात चित्रापासून होते. उमदे घोडे आणि गाडीत बसलेलं कुटुंब! खरं तर बहुतेकांनी बैल जुंपले होते. घोड्यांपेक्षा ते स्वस्त पडत आणि वाटेतल्या गवतावर निभावून नेत. मराठी मुलाला ‘बैलगाडी’ म्हटलं की कासरा धरून वर बसलेला गाडीवान आठवतो, म्हणून इथे मुद्दाम थांबायला हवं. ओरेगनच्या वाटेवर बैल हाकणारा माणूस त्यांच्या डाव्या बाजूने चालत असे. गाडीला स्प्रिंगा नव्हत्या आणि आत सामान खच्चून भरलेलं, त्यामुळे मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगनपर्यंतचे सुमारे ३,२०० किलोमीटर बहुतेक माणसं पायीच गेली. त्याला पाच-सहा महिने लागत.

हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही. मी वर्गाच्या फरशीवर चिकटपट्टीने दहा फूट लांब, चार फूट रुंद चौकट आखते. हीच गाडी. त्या काळच्या एका मार्गदर्शिकेत माणशी २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो पीठ आणि १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस न्यायला सांगितलं होतं. चार मोठ्या माणसांचं पीठच ३६० किलो झालं. खोकी रचत गेलं की निम्मी चौकट भरते आणि कुणीतरी विचारतं, “मग आम्ही झोपायचं कुठे?” बहुतेक जण तंबूत किंवा गाडीखाली झोपत. हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, घाईने उत्तर देऊ नका.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: प्रोजेक्टमधला मृत्यू बाणानेच येतो. इतिहासकार जॉन अनरू यांच्या हिशोबाने १८४० ते १८६० या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ स्थलांतरित मेले, आणि स्थलांतरितांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. त्याच काळात हजारो प्रवासी रोगराईने गेले. १८४९ ते १८५२ मध्ये वाटेवरच्या प्लॅट नदीच्या काठाने कॉलऱ्याने थैमान घातलं होतं, कारण पिण्याचं पाणी आणि घाण एकाच ठिकाणी. शिवाय नदी ओलांडताना बुडणारे होते, चाकाखाली सापडणारी मुलं होती. हे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

‘ओसाड प्रदेश’ आणि ‘रेड इंडियन’ हे शब्दही टाळा. वाट पॉनी, लाकोटा, शोशोनी, कायूस अशा लोकांच्या मुलखातून जात होती, तेव्हा ज्याचं त्याचं नाव घ्या. कित्येक ठिकाणी याच लोकांनी प्रवाशांना नदी पार करून दिली, मासे विकले. दुसरीकडे १८४७ मध्ये स्थलांतरितांबरोबर आलेल्या गोवराने कायूस लोकांची मुलं मोठ्या संख्येने दगावली. आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. घरी ‘आपण इंडियन’ असं ऐकलेलं मूल ‘इंडियन’ हा शब्द पुस्तकात वाचून गोंधळतं. त्याला आधीच बाजूला घेऊन समजावा. डोक्याला पिसं बांधून हल्ल्याचं नाटक तर मुळीच बसवू नका.

मुलांना आकडे कोरडे वाटत असतील तर याच वाटेने गेलेल्या अमेलिया नाइट यांची १८५३ ची रोजनिशी काढा. सात मुलं बरोबर, आठवं पोटात. एके दिवशी नदीपाशी त्यांची मुलगी लूसी मागे राहिली आणि काही मैल कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती काठाखाली बसून नदी ओलांडणाऱ्या गाड्या बघत होती. आईला वाटलं, ती दुसऱ्या गाडीत असेल. मागून आलेल्या तांड्याने तिला आणून सोडलं. हे वाचताना वर्ग चिडीचूप होतो.

मग एखादं मूल या स्थलांतरितांबद्दल विचारतं, “ही माणसं वाईट होती का?” हो किंवा नाही म्हणून मोकळं होऊ नका, जमिनीचा कायदा दाखवा. ओरेगनसाठी झालेल्या १८५० च्या कायद्याने तिथे आधीपासून वसलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन मिळत होती, तीही तिथल्या मूळ लोकांशी करार पुरे होण्याआधीच. आणि जॉर्ज बुश (राष्ट्राध्यक्ष नव्हेत, त्या काळचे एक स्थलांतरित)? १८४४ मध्ये तेही कुटुंबासह हीच वाट तुडवत आले. पण ते कृष्णवर्णीय होते, आणि ओरेगनमध्ये त्याच वर्षी कृष्णवर्णीयांना वस्तीची बंदी झाली होती. म्हणून ते कोलंबिया नदीच्या उत्तरेला, जिथे ही बंदी फारशी राबवली जात नव्हती, तिथे जाऊन राहिले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नकाशावर इंडिपेन्डन्सपासून बोट फिरवत आणलं, नदीपाशी थांबवलं आणि म्हणाली, “एवढं चालून आल्यावर?”