विदर्भातील खेड्यात चिंचिला कशी सांभाळावी

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या, खडकाळ उतारांवर राहणारा कृंतक, म्हणजे उंदराच्या वर्गातील कुरतडणारा, प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या चिंचिलेचे वजन साधारणपणे ४०० ते ६०० ग्रॅम भरते, आणि मादी नरापेक्षा थोडी मोठी असते. १९२३ साली मथायस चॅपमन या खाण अभियंत्याने फरच्या व्यवसायासाठी ११ चिंचिला चिलीतून अमेरिकेत नेल्या, आणि आजच्या पाळीव चिंचिलांपैकी बहुतेकींचा वंश त्यांच्यापर्यंत जातो असे मानले जाते. रानातील दोन्ही जाती मात्र आज संकटग्रस्त आहेत.

हा प्राणी पाळणाऱ्यांत मतभेद पुष्कळ आढळतात. कोणी पिंजऱ्यात कापड अंथरतो तर कोणी भुसा, कोणी एकच चिंचिला ठेवतो तर कोणी जोडी. यांतील बऱ्याच बाबी खरोखरच आवडीच्या आहेत. परंतु तापमान, हवेतील दमटपणा आणि चारा या तीन बाबतींत प्राण्याचे शरीरच निर्णय देते, आणि विदर्भासारख्या प्रदेशात तिथे पालकाच्या सोयीला फारशी जागा उरत नाही.

पायरी १ : आणण्यापूर्वी उन्हाळ्याचा विचार करावा

चिंचिलेच्या एकेका रोमकूपातून पन्नासाहून अधिक केस निघतात. अशी दाट फर अंगावर असताना तिला घाम येत नाही, आणि शरीरातील उष्णता प्रामुख्याने मोठ्या, पातळ कानांवाटेच बाहेर पडते. त्यामुळे १० ते २० अंश सेल्सिअस तापमानात ती सुखाने राहते, २५ अंशांच्या वर अस्वस्थ होऊ लागते आणि त्याहून दोन-तीन अंश अधिक झाले की उष्माघाताचा धोका उभा राहतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत रात्रीही तो ३० अंशांच्या आसपास रेंगाळतो. हा फरक केवळ काळजीने किंवा मायेने भरून निघणारा नाही.

आपल्याकडे घरोघरी कूलर असतो, म्हणून तो पुरेल असा समज सहज होतो. तो पुरत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा गार करतो, म्हणजे तापमान उतरवताना तो हवेत ओलावा भरतो. माणसाला घाम येतो आणि वाहत्या हवेत तो सुकतो, म्हणून आपल्याला कूलर सुखद वाटतो. चिंचिलेला मात्र त्या वाऱ्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही आणि दमट हवा तिच्या फरमध्ये धरून राहते. अनुभवी पालकांत एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे : फॅरनहाइटमधील तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या बरीच खाली राहावी. कूलर लावलेल्या खोलीत ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८६ अंश फॅरनहाइट, आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर बेरीज १५६ होते. एसी लावलेल्या खोलीत २१ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ७० अंश फॅरनहाइट, आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ती १२० वर थांबते.

तेव्हा एसी ही चैन नसून या प्राण्याची पहिली गरज आहे. त्यातही गावठाण फिडरवरची वीज मेच्या दुपारी किती वेळ जाते, विजेचा दाब किती उतरतो आणि स्टॅबिलायझर लागेल का, हे आधी पाहावे. खेड्यातील घरगुती इन्व्हर्टर पंखा आणि दिवे चालवतो. एसीचा भार त्याला सहसा पेलत नाही. वीज चार तास गेली तर काय करायचे, याचे ठाम उत्तर घरात नसेल, तर चिंचिला आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यापुरते तिला चिखलदऱ्याच्या नातेवाइकांकडे ठेवू, असा विचारही टिकत नाही, कारण मे महिन्यातील दुपारी तिथली हवाही तिच्या मर्यादेच्या बरीच वर असते.

आणखी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. चांगल्या सांभाळात चिंचिला १० ते १५ वर्षे, कधी २० वर्षांपर्यंतही जगते; म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला प्राणी ते मूल नोकरीसाठी पुण्याला गेल्यानंतरही घरातच राहणार आहे. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स करारात रानटी चिंचिला पहिल्या परिशिष्टात आहे आणि पाळीव वाण त्या तरतुदींतून वगळलेले आहे. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने साइट्स सूचीतील प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद भारतीय कायद्यात आणली आहे. म्हणून प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे असे लिहिलेली पावती विक्रेत्याकडून घ्यावी आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारणा करावी.

पायरी २ : खोली निवडावी

टिनाच्या छपराखालची खोली कितीही मोठी असली तरी ती या कामाची नाही. जाड मातीच्या भिंतींची, उत्तरेकडची, लहान खोली असेल तर तिच्यात एसीचा गारवा वीज गेल्यानंतरही बराच वेळ टिकतो. कवेलूंच्या घरात आतून छत ठोकून घेतल्यास तोच उपयोग होतो. पश्चिमेची खिडकी दुपारी जाड पडद्याने झाकावी. चुलीचा धूर ज्या खोलीत शिरतो ती टाळावी.

पिंजऱ्याजवळ तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे यंत्र टांगावे आणि एसीच्या रिमोटवरील आकड्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवावा. पिंजऱ्यात ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची गुळगुळीत लादी ठेवावी, म्हणजे प्राणी तिच्यावर पोट टेकून बसतो. काही पालक त्याऐवजी बर्फाच्या बाटल्या कापडात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर लावतात. वीज गेल्यावर तास-दोन तास वेळ मारून नेण्यासाठी दोन्ही उपाय ठीक आहेत, पण एसीची जागा कोणताही घेत नाही.

हिवाळ्याची मात्र चिंता नको. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० अंशांवर आला की घरातील मोठी माणसे मायेने गोधडी पांघरतील किंवा शेगडी जवळ आणतील. त्यांना समजावून सांगावे की हे दिवस तिच्या मूळ मुलखासारखे आहेत. थेट वाऱ्याचा झोत तेवढा टाळावा.

पायरी ३ : पिंजरा मांडावा

चिंचिला उड्या मारणारी असल्याने पिंजरा रुंदीपेक्षा उंचीला भरपूर असावा आणि त्यात लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या बसवाव्यात. तळ जाळीचा ठेवल्यास तळपायांना जखमा होतात. प्लास्टिक ती कुरतडते आणि तुकडे पोटात जातात, म्हणून आत प्लास्टिकची वस्तू ठेवू नये. पळण्याचे चाक द्यायचे असल्यास ते सलग पृष्ठभागाचे आणि किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचे असावे. बंद प्लास्टिक चेंडूत प्राणी सोडण्याची पद्धत काहींना गमतीची वाटते. आपल्या हवेत तर ती घातकच आहे.

खेड्यातील घरात उंदीर, मांजर आणि पावसाळ्यात धामण येते, हे गृहीत धरून जाळीचे छिद्र सेंटिमीटरभरापेक्षा मोठे नसावे.

अंथरूण हा आवडीचा प्रश्न आहे. फ्लीसचे कापड मऊ, स्वच्छ दिसणारे आणि पुन्हा वापरता येणारे असते, पण ते आठवड्यातून दोन-तीनदा धुवावे लागते आणि श्रावणात दोन दिवस वाळत नाही. भुसा वापरणाऱ्यांना धुण्याचा त्रास नसतो, पण तो विकतचा, भट्टीत वाळवलेला आणि धूळ काढलेला असावा. गावातील आरा मशीनवरून सागवानाचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्याच्या बारीक धुळीने श्वसनमार्गाला त्रास होतो. माझा कल पावसाळ्यात भुसा आणि उरलेल्या काळात कापड असा आहे, पण दोन्ही बाजूंच्या पालकांची जनावरे निरोगी राहिलेली दिसतात.

पायरी ४ : चारा आणि पाणी

दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि ते झिजण्यासाठी तंतुमय वाळलेले गवत दिवसरात्र समोर असावे लागते. आहाराचा सर्वांत मोठा भाग तेच असावे. बाहेरून येणारे टिमोथी गवत सर्वांत सोयीचे असते. ते संपले तर मारवेलसारखे मऊ गवत फुलोऱ्याआधी कापून सावलीत वाळवलेले चालू शकते, परंतु ते हळूहळू मिसळत न्यावे, कारण अचानक बदलाने पोट बिघडते. कुसळी गवत कधीही देऊ नये. त्याची टोकदार कुसळे हिरड्यांत आणि घशात रुततात. ज्वारीचा कडबा जाड असतो आणि गंजीत ओल लागली असेल तर त्यावर बुरशी धरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापसाच्या वावराच्या धुऱ्यावरचे गवत आणू नये. पऱ्हाटीवर मारलेल्या कीटकनाशकाचा अंश धुऱ्यावरही पडतो, आणि फवारणीचे विष किती तीव्र असते हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी-मजुरांना झालेल्या विषबाधेने सर्वांनी पाहिले आहे.

लसूणघास आपल्याकडे सहज मिळते, पण तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिने अधिक असतात, म्हणून वाढती पिल्ले, गाभण व दूध पाजणारी मादी यांनाच ती वाळवून द्यावी. विकतचे गोळी खाद्य (पेलेट) दिवसाला एक-दोन चमचे पुरते. सरकीची ढेप, हरभरा, शेंगदाणे, तुरीची डाळ हे गायी-बकऱ्यांचे खाणे तिच्या वाट्याला येऊ देऊ नये.

खाऊच्या बाबतीत पालकांचे दोन तट आहेत. एक तट मनुका आणि संत्र्याची फोड अधूनमधून देतो, दुसरा साखर असलेले काहीच देत नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण फळातील साखरेने आतड्यांत वायू धरतो आणि या प्राण्याला तो सहज बाहेर टाकता येत नाही. लाड करायचेच असतील तर तुतीची वाळलेली, फवारणी न झालेली फांदी कुरतडायला द्यावी. संत्र्याच्या बागेतील छाटणीची फांदी मात्र देऊ नये.

पाणी बाटलीतून द्यावे. वाटी सांडते आणि फर ओली होते. घरातील माणसे जे गाळलेले पाणी पितात तेच तिला द्यावे. खारपाणपट्ट्यातील, म्हणजे भूजल खारट असलेल्या, गावांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सरळ भरू नये.

पायरी ५ : धुळीची आंघोळ

चिंचिलेला पाण्याने कधीही आंघोळ घालू नये. दाट फर मुळाशी लवकर वाळत नाही आणि तिथे बुरशी धरते. ज्वालामुखीच्या खडकापासून बनवलेली अतिसूक्ष्म धूळ जड भांड्यात पाच सेंटिमीटर थर होईल इतकी घालून आठवड्यातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटे पिंजऱ्यात ठेवावी, आणि नंतर काढून घ्यावी. भांडे कायम आत ठेवणारे पालकही आहेत. त्याने त्वचा आणि डोळे कोरडे पडतात आणि धूळ विष्ठेने घाण होते. पावसाळ्यात एखादी आंघोळ वाढवण्यास हरकत नाही.

ही धूळ गावात मिळत नाही आणि मग पर्याय सुचतात. नदीची वाळू जाड असल्याने केस तुटतात, चुलीची राख त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते, वाळलेली काळी माती थोडी ओल लागताच चिकटते. विकतची धूळ चाळून पुष्कळदा वापरता येते, म्हणून आधीच दोन-तीन पाकिटे मागवून ठेवावीत.

पायरी ६ : सोबत आणि हाताळणी

रानात चिंचिला कळपाने राहते, म्हणून जोडीला माझी पसंती आहे. एकटी चिंचिलाही माणसाळते, पण मग संध्याकाळी तिला वेळ देणारे कोणीतरी हवे. ती दिवसा झोपते आणि दिवेलागणीनंतर जागी होते. पेरणी आणि वेचणीच्या हंगामात ज्या घरातील सगळे थकून आठलाच झोपतात, त्यांनी जोडीच ठेवावी. दोन माद्या किंवा दोन सख्खे भाऊ सोयीचे. नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे १११ दिवसांच्या गर्भकाळानंतर पिल्ले होतात आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. रंगांच्या आवडीपायी जोड्या लावणाऱ्यांनी पांढऱ्याशी पांढरा आणि व्हेल्व्हेट या गडद रंगप्रकाराशी व्हेल्व्हेट कधीही लावू नये. तो गुण दोन्हीकडून मिळालेला गर्भ जगत नाही.

नव्या दोन चिंचिलांना एकदम एका पिंजऱ्यात टाकू नये; शेजारी-शेजारी पिंजरे ठेवून काही आठवडे वास ओळखीचा होऊ द्यावा. उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार द्यावा. भेदरलेली चिंचिला पकडलेल्या जागचे केस सोडून निसटते आणि ती जागा भरायला काही महिने लागतात.

पायरी ७ : आजार ओळखावा

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहावे, कारण दातांचा आजार डोळ्यांना दिसण्याआधी वजनात दिसतो. हनुवटी ओली राहणे, चारा तोंडातून पडणे ही त्याची पुढची लक्षणे. खाणे थांबले, लेंड्या कमी झाल्या किंवा बंद झाल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. नराच्या इंद्रियाभोवती केसांचे कडे अडकते, ते महिन्यातून एकदा तपासावे.

कान लालबुंद होणे, लाळ गळणे, धापा टाकणे, आडवे पडून राहणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राणी ताबडतोब गार जागी न्यावा, कानांना गार पाण्याचा बोळा लावावा, लादीवर निजवावे आणि वाहन बोलवावे. बर्फात किंवा बादलीत बुडवू नये.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गायी-बैलांचा असतो आणि तेथील डॉक्टरांनी चिंचिला क्वचितच पाहिलेली असते, यात त्यांचा दोष नाही. म्हणून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत प्राणी निरोगी असतानाच एकदा चौकशी करून ठेवावी. प्रवास पहाटे, एसी गाडीतून करावा. आणि एक सूचना मोठ्या अक्षरांत लिहून पिंजऱ्याला चिकटवावी, म्हणजे घरात नसलेल्या वेळीही ती डॉक्टरांपर्यंत पोहोचेल : पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसीन आणि क्लिंडामायसीन ही प्रतिजैविके या प्राण्याला तोंडावाटे देऊ नयेत, कारण ती आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्यातून प्राणी दगावू शकतो.