व्हॉल्व्ह लाइन स्टेजसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा निवडावा

लाइन स्टेज म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा. त्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरवर ‘15के : 600’ (प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग, 15 हजार ओम; सेकंडरी, म्हणजे आउटपुटकडचं, 600 ओम) छापलेलं दिसलं, म्हणून पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट 600 ओमचा करायची गरज नाही. तो आकडा फक्त गुणोत्तर सांगतो. ओमचं 25ला 1, म्हणजे वेढ्यांचं 5ला 1. सुरुवात करायची ती व्हॉल्व्हपासून.

मला 6एसएन7 हा ट्रायोड व्हॉल्व्ह मनापासून आवडतो, म्हणून त्याचाच हिशोब मांडतो. 250 व्होल्ट आणि 9 मिलिअँपिअरवर त्याचा प्लेट रेझिस्टन्स (व्हॉल्व्हचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स) साधारण 7.7के आणि म्यू, म्हणजे व्हॉल्व्ह जास्तीत जास्त देऊ शकतो तो गेन, 20. 5ला 1 लावला की गेन उरतो चारच्या आसपास, लाइन स्टेजला तेवढा पुरतो. आउटपुट इंपीडन्स 7700 भागिले 25, म्हणजे 308 ओम. त्यात वाइंडिंगचा रेझिस्टन्स मिळवा. लांब केबल चालवायला हे उत्तम.

आता बेस. प्लेट रेझिस्टन्सला 2π आणि फ्रीक्वेन्सीने भागलं की प्रायमरीला लागणारा इंडक्टन्स मिळतो. 10 हर्ट्झला 3 डीबी उतार (सिग्नल साधारण 70 टक्क्यांवर येणं) चालत असेल तर 6एसएन7ला सुमारे 122 हेन्री हवेत, 2.6के प्लेट रेझिस्टन्सच्या ईसीसी88 या दुसऱ्या व्हॉल्व्हला 41 पुरतात. विकणाऱ्याने हेन्री सांगितले नाहीत तर स्वतः मोजा. प्रायमरीला 1केचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, छोट्या मेन्स ट्रान्सफॉर्मरमधून 50 हर्ट्झचे 10 व्होल्ट द्या आणि त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघा. 0.27 व्होल्टच्या आसपास आला तर 120 हेन्री आहेत.

पण हे मोजमाप डीसी नसताना झालं. प्लेटचा करंट थेट प्रायमरीतून जाणार असेल तर कोअरला गॅप (लोखंडी गाभ्यात ठेवलेली बारीक फट) हवीच, आणि गॅपने इंडक्टन्स बराच घटतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर बनवणारी लुंडाल कंपनी एकच मॉडेल वेगवेगळ्या करंटच्या गॅपमध्ये देते. ऑर्डर देताना तुमचे मिलिअँपिअर सांगा. मी स्वतः पॅराफीडच्या बाजूचा, म्हणजे प्लेटचा डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जाऊच द्यायचा नाही. प्लेटला चोक (डीसी जाऊ देणारी, सिग्नल अडवणारी कॉइल) किंवा करंट सोर्स, आणि सिग्नल कपॅसिटरमधून बिनगॅपच्या ट्रान्सफॉर्मरला. कपॅसिटर मात्र अंदाजाने लावू नका: 7.7के आणि 120 हेन्रीला 4 मायक्रोफॅरड बसतो. 1 लावलात तर बेसमध्ये उगाच फुगवटा येतो.

वरच्या फ्रीक्वेन्सींसाठी 1 किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह देऊन स्कोपवर बघा. वेव्हच्या कडेला थरथर (रिंगिंग) दिसली तर सेकंडरीवर 10केचा रेझिस्टर लावा आणि थरथर जाईपर्यंत किंमत कमी करत न्या. 2केपर्यंत उतरलात तरी व्हॉल्व्हला 50के दिसतात, त्याला त्रास नाही. यापैकी कुठलीही वायर बदलण्याआधी सप्लाय बंद करून फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा, तिथे 250 व्होल्ट किंवा त्याहून जास्त साठलेले असतात.

चॅसिसला भोकं पाडायच्या आधी फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करा. लाइन ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी अ‍ॅम्प्लिफायरला जोडून तो हातात फिरवत राहा. जिथे हम (मेन्सची घूं आवाज) सगळ्यात कमी येतो तिथे, त्याच कोनात खूण करा.