प्रदेशनिष्ठ की स्थानिक? माझा पहिल्या आठवड्यातला घोळ

एमएस्सी बॉटनी झाल्यावर पहिलं काम मिळालं ते साताऱ्याकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, फुलांच्या सर्व्हेचं, आणि पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. भर पावसात क्वाड्राट टाकून बसलो होतो, म्हणजे पीव्हीसी पाइपची मीटरभराची चौकोनी चौकट, तिच्या आतलं एकेक रोप मोजायचं असतं, तर आत दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप सापडलं, पानाच्या केसांवर चिकट थेंब आणि त्यात एक चिलट अडकून अजून पाय झाडतंय. मी खुशीत शीटवर लिहिलं ‘एंडेमिक’. रात्री सिनियर ताई हसत म्हणाली, अरे हा आफ्रिकेतपण उगवतो!

तर नेटिव्ह म्हणजे इथला मूळचा, कुणी आणून न लावलेला, मग तो आणखी दहा देशांत असेना का. एंडेमिक म्हणजे प्रदेशनिष्ठ, त्या भागाबाहेर जगात कुठेच नाही, जसा आपला वायतुरा, हे फुलझाड सह्याद्रीच्या सड्यांवरच. मराठीत लोक दोन्हीला ‘स्थानिक’ म्हणून मोकळे होतात, तिथेच सगळी गोची. बरं, प्रदेशनिष्ठ म्हणजे धोक्यात असंही नसतं, शेकरू फक्त भारतातच आहे पण आययूसीएन या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्याच्या यादीत, ‘लीस्ट कन्सर्न’ (सगळ्यात कमी काळजीचा), आणि तरी आपल्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. इंटरव्ह्यूला हे हमखास विचारतात.

जैवविविधतेचा ‘हॉटस्पॉट’ हा शब्द तर पेपरवाले कुठल्याही हिरव्या डोंगराला चिकटवतात (रिसॉर्टवालेपण). खरी अट अशी की वनस्पतींच्या किमान १५०० प्रदेशनिष्ठ प्रजाती हव्यात आणि मूळ अधिवास ७० टक्के तरी गेलेला हवा. पश्चिम घाट श्रीलंकेसकट त्यात बसतो, म्हणजे आपलं किती गेलंय ते बघा.

इन्व्हेजिव्ह म्हणजे नुसतं परदेशी नाही हां, मिरचीपण परदेशीच आहे. घाणेरी, रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं कशी पसरून बाकीच्यांना जागाच ठेवत नाहीत, ते इन्व्हेजिव्ह.

एक शब्द मात्र कुठल्याच कोर्समध्ये शिकवला नाही, तो तलाठ्याकडे कळला: पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक जमीन. आमच्या सड्याच्या सातबाऱ्यावर तेच लिहिलेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात गेलो तर आमच्या चौकटीच्या जागी कुणीतरी खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून, वृक्षारोपणाच्या बोर्डाशेजारी फोटो काढून गेलेलं.