अनवाणी धावायला लागताना पहिले दोन महिने

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. हे वाचलं की लगेच बूट काढून पाच किलोमीटर पळावंसं वाटतं. कृपया तसं करू नका. दम टिकतो, पण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर इतक्या लवकर तयार होत नाही.

आधी आठ-दहा दिवस रोज अर्धा तास अनवाणी चाला. मग नेहमीचं धावणं बुटातच करा आणि शेवटची फक्त पाच मिनिटं बूट हातात घ्या, तेही एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. पावलं छोटी ठेवा. टाच आपटू न देता पाऊल कमरेच्या खालीच पडू द्या, पायांचा आवाज जवळजवळ येऊ नये. सुरुवातीला मऊ वाळूपेक्षा गुळगुळीत, स्वच्छ रस्ता बरा, कारण चुकीचं पाऊल तिथे लगेच कळतं. उन्हाळ्यात मात्र डांबर तापायच्या आत, पहाटेच. पोटरी भरून येणं साहजिक आहे. पावलाच्या वरच्या बाजूला हाड दुखलं तर त्याच दिवशी थांबा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी असेल, तर हा प्रयोग नकोच.

उत्साह टिकवायचा तर किलोमीटर मोजणं सोडा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर अनवाणी धावलेल्या दिवसांपुढे खूण करा. मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. आणि घरी आल्यावर तळवे धुऊन, काटा-काच तपासून, खोबरेल तेल चोळायला विसरू नका.